कॅटलॉग फुकट, मग नंबर कशाला?

प्रदर्शनाचा टेम्पो शिरोली एमआयडीसीत परत आला की पंप खाली उतरायच्या आधी मालकांचा प्रश्न येतो, "नंबर किती आले?" बुकिंग किती झालं हे नंतर. त्यांचं चुकतं असंही नाही. स्टॉलचं भाडं, मंडप, पोरांची राहण्याजेवणाची सोय, सगळा खर्च डोळ्यांसमोर असतो आणि त्याच्या बदल्यात मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. मोबाइल नंबरांची यादी मोजता येते.

आमच्या कारखान्यात शेतीपंप बनतात. मार्केटिंग म्हणजे मी आणि अर्धा माणूस. अर्धा, कारण उरलेला वेळ तो डिस्पॅचला असतो. त्यामुळे आलेल्यांचे नंबर घ्यायचे आणि त्यांना कॅटलॉग मोबाइलवर द्यायचा, हे काम आखण्यापासून निस्तरण्यापर्यंत माझ्याच गळ्यात पडलं.

आधी रजिस्टर असायचं. नाव, गाव, मोबाइल, आणि शेवटचा रकाना 'कशाची माहिती हवी?' त्यात वरपासून खालपर्यंत सगळे 'मोटर' लिहायचे. नंबरांची तऱ्हा आणखी वेगळी. निम्मे लोक मराठी आकड्यांत लिहितात, निम्मे इंग्रजी, आणि काही जण एकाच नंबरात दोन्ही. मराठी १ आणि इंग्रजी नऊ, मराठी ४ आणि घाईत वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठ, यांच्यात फरक करायचा म्हणजे डोळ्यांची परीक्षा. सुरुवातीला असेल तर ओळखता येतं, कारण आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात. मधे असेल तर दोन फोन लावून बघायचे, त्यातला एक हमखास भलत्याच माणसाला लागणार. शेजारचे स्टॉलवाले लकी ड्रॉचा डबा ठेवायचे. त्यांच्याकडे चिठ्ठ्यांचा ढीग लागायचा, पण एकेका घरातल्या चार चार चिठ्ठ्या. आणि त्यांना मिक्सर हवा असायचा, पंप नाही.

मग एका डिजिटल एजन्सीने मालकांना पटवलं. कागदी कॅटलॉग छापायचाच नाही. स्टॉलवर मोठा क्यूआर कोड लावायचा, लोकांनी तो स्कॅन करायचा, फॉर्म भरायचा, ओटीपी टाकायचा आणि मग कॅटलॉग डाउनलोड होणार. छपाईचा खर्च वाचतो, नंबर तपासलेला मिळतो. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. फॉर्म मी पाहिला तेव्हा त्यात ईमेल होता, कंपनीचं नाव होतं आणि 'हुद्दा' होता. शेतकऱ्याला हुद्दा विचारायचा! एजन्सीकडे कारखानदारी प्रदर्शनासाठी केलेला फॉर्म तयार होता, तोच आमच्या गळ्यात घातला होता. ईमेल आणि कंपनी मी ऐच्छिक करून घेतले. हुद्दा काढायचा राहिला, आणि त्यात नंतर आलेली उत्तरं वाचण्यासारखी होती. बहुतेकांनी 'मालक' लिहिलं होतं, एकाने 'थोरला'.

पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात शेतीचं मोठं प्रदर्शन भरतं. नाशिक-नगरपासून सोलापूर-कोल्हापूरपर्यंतचे शेतकरी गाड्या करून येतात. आमचा बेत तिथे चालवायचा होता.

पहिल्याच सकाळी एक काका आले. पंपाभोवती फिरून बघितलं, मग क्यूआरसमोर उभे राहिले, खिशातून फोन काढला, फोनपे उघडलं आणि मला विचारलं, "किती टाकायचे?"

मी म्हटलं, "पैसे नाहीत काका, कॅटलॉग आहे."

"मग स्कॅन कशाला?"

बिनतोड प्रश्न. गावाकडे क्यूआर दिसतो कुठे? किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर, खताच्या दुकानात. तो दिसला की पैसे द्यायचे, एवढीच त्याची ओळख. पेमेंटच्या ॲपमधून आमचा कोड स्कॅन केला की हा कोड चालत नाही असा संदेश यायचा आणि माणूस "बंद आहे वाटतं तुमचं" म्हणून पुढे जायचा. दुपारपर्यंत आम्ही जाड मार्करने पुठ्ठ्यावर 'पैसे लागत नाहीत, कॅमेऱ्याने स्कॅन करा' असं लिहून लावलं. थोडा फरक पडला. पण कॅमेरा नुसता समोर धरला की कोड वाचला जातो हे ठाऊक असलेले बहुतेक विशी-पंचविशीतले होते.

त्या पोरांची शंका निराळी. बापाबरोबर आलेल्या एका मुलाने फोन मागे घेतला आणि विचारलं, "ताई, एपीके नाही ना?" पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर बनावट एपीके फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो आणि खातं साफ होतं, असे प्रकार गावोगाव ऐकलेले आहेत. 'डाउनलोड' म्हटलं की सावध होणारा तो मुलगा शहाणाच होता. त्यात एजन्सीने लिंक छोटी करून दिलेली, त्यामुळे पत्त्यात आमच्या कंपनीचं नावच दिसत नव्हतं. अनोळखी लिंक, वर ओटीपी मागतेय. मी त्याच्या जागी असते तर मीही नसता दिला.

आणि नेटवर्क. एवढे मोबाइल एका जागी जमल्यावर दुपारी बारानंतर डेटा रांगतो. ओटीपीचा मेसेज यायचा तेव्हा माणूस तीन स्टॉल पुढे ट्रॅक्टरवर बसलेला असायचा. ज्यांचा ओटीपी वेळेत आला त्यांच्यासमोर चाळीस एमबीची पीडीएफ उभी राहायची. आमची सगळी मॉडेलं, कारखान्याचे फोटो, संस्थापकांचं मनोगत, सगळं तिच्यात. एका माणसाला एका बोअरसाठी एक पंप हवाय आणि आम्ही त्याला संस्थापकांचं मनोगत डाउनलोड करायला लावतोय. बरं, झालीच डाउनलोड तर ती फोनमध्ये कुठे जाऊन बसते हे सापडत नाही. "आली म्हणतंय, पण दिसत नाही" हे वाक्य त्या दिवशी दिवसभर ऐकू येत होतं.

संध्याकाळी लॉजवर बसून आम्ही फॉर्म बाजूला ठेवला. पर्याय साधा निघाला. व्हॉट्सॲपची थेट चॅट उघडणारी लिंक असते. तिच्यात आपला नंबर आणि तयार मजकूर भरून क्यूआर करता येतो. समोरच्याने स्कॅन केला की आमची चॅट उघडते, मजकूर आधीच लिहिलेला असतो, त्याने फक्त पाठवायचं. नंबर टाइप करायला नको, ओटीपी नको. मेसेज त्याच्याच फोनवरून येतो, म्हणजे नंबर खरा. आणि पहिला मेसेज त्याने पाठवलेला असतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

यात एक गोम निघाली. तयार मजकूर मी हौसेने मराठीत लिहिला, 'सबमर्सिबल पंपाची माहिती पाहिजे'. क्यूआर तयार झाला तो मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखा बारीक ठिपक्यांचा. कारण असं की लिंकमध्ये देवनागरी जशीच्या तशी जात नाही. अक्षर, मात्रा, काना, प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटला तीन कॅरेक्टर लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'माहिती' या तीन अक्षरांत अशी सहा चिन्हं आहेत, त्यांचे चोपन्न कॅरेक्टर झाले. मजकूर जितका लांब तितके ठिपके जास्त, आणि त्याच मापाच्या कागदावर तितकेच बारीक. स्वस्त फोनचा कॅमेरा ते चार फुटांवरून वाचत नाही. मग मजकूर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा एवढाच ठेवला. मराठी जे सांगायचं ते कोडच्या वर मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्यातून एक फायदा आपसूक झाला. प्रत्येक पंपासमोर वेगळ्या आकड्याचा कोड लावता आला. मेसेज आला की माणूस कुठल्या पंपासमोर उभा होता हे न विचारता कळतं. रजिस्टरच्या 'मोटर' रकान्यात जे कधी मिळालं नाही ते इथे मिळालं.

फ्लेक्सवाल्यांसाठीही दोन गोष्टी सांगून ठेवते. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी काढला. कारखान्यात मळतो, फाटतो, हे धरूनच त्याची रचना केलेली आहे. कोड करताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, खालच्या पातळीला हेच प्रमाण ७ टक्के. पण कोडच्या चारी बाजूंना चार ठिपक्यांइतकी कोरी जागा लागतेच. आमच्या फ्लेक्सवर डिझायनरने शोभेसाठी निळी चौकट कोडला चिकटवली होती. ती पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावून झाकल्यावर कोड लगेच वाचला जाऊ लागला.

कॅटलॉगचंही तेच केलं. एका मॉडेलचं एक पान, मराठीत, वर पंपाचा फोटो, खाली हेड (पाणी एकूण किती उंच चढवायचं ते) आणि पाण्याचा तक्ता, आणि तेही पीडीएफऐवजी चित्र म्हणून. चित्र चॅटमध्येच दिसतं, शोधावं लागत नाही, भावाला पुढे पाठवता येतं. ज्यांच्याकडे बटणांचा फोन होता त्यांच्यासाठी मिसकॉलचा वेगळा हँडसेट ठेवला आणि छापील पत्रक हातात दिलं. पत्रक घ्यायला नंबर द्यायची अट काढून टाकली. मालकांना हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

खरं काम मात्र यातल्या कशानेच झालं नाही. ते झालं स्टॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, जिथे आमचे सर्व्हिसचे मिस्त्री कार्बनचं डुप्लिकेट बुक घेऊन बसले होते.

आटपाडीकडचे एक शेतकरी आले होते. गावातल्या दुकानदाराने साडेसात एचपीची मोटर सांगितलेली. मिस्त्रींनी पावती लिहावी तसं विचारत लिहायला सुरुवात केली. बोअर किती फूट? पाणी कितीवर? उन्हाळ्यात किती खाली जातं? पाइप किती इंची? शेत बोअरपासून किती लांब, चढ किती? पाणी २४० फुटांवर, चढ ३० फूट, अडीच इंची पाइपलाइन, तिचं घर्षण धरून हेड ३०० फुटांच्या आसपास, म्हणजे एक्क्याण्णव मीटर. पाच एचपीत मिनिटाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी निघेल, तेवढं पुरेल का? गृहस्थ म्हणाले, "पाऊण इंची पाणी येतंय बोअरला, जास्त ओढून करू काय?" मिस्त्रींनी खाली मॉडेल लिहिलं, सही केली आणि वरची प्रत फाडून त्यांच्या हातात दिली.

नंबर मिस्त्रींनी मागितलाच नव्हता. तो त्या माणसानेच सांगितला, वर पोराचाही सांगितला. "माझा लागला नाही तर त्याला लावा. रात्री नको, आमची लाईट रात्रीची असते, मी मोटरवर असतो."

फॉर्ममध्ये 'संपर्काची सोयीची वेळ' असा रकाना होता. त्यात कुणी काही भरलं नव्हतं.

त्यानंतर मी क्यूआरकडे कमी आणि त्या टेबलाकडे जास्त माणसं वळवू लागले. कॅटलॉगसाठी नंबर मागितला की लोक हिशेब करतात, आणि हिशेब बरोबरच असतो. कॅटलॉग सगळ्यांना सारखाच, तो द्यायला माझा नंबर कशाला? पण मिस्त्रींच्या चिठ्ठीवर त्यांच्या बोअरचा हिशेब असतो. पुढे त्याबद्दल कुणीतरी फोन करावा असं त्यांनाच वाटत असतं. माझी मैत्रीण भोसरीत मशीनची टूलिंग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. ते बंगळुरूला इमटेक्स या मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला जातात. तिथे येणारे आधी नोंदणी करून येतात, गळ्यातल्या बॅजवरचा कोड स्कॅन केला की नाव, कंपनी, हुद्दा सगळं येतं. पण तीही सांगते की बॅजवरून आलेल्या यादीतले निम्मे लोक ओळख देत नाहीत. टूलचं त्रिमितीय ड्रॉइंग मागणारा डिझाइन इंजिनिअर मात्र कंपनीचा खरा ईमेल देतो, कारण ड्रॉइंग बदललं तर ते त्याला कळायला हवं असतं.

नंबर घेताना काय सांगायचं, हा विषय आमच्याकडे आधी कुणी काढलाच नव्हता. मी लागायच्या आधीची गोष्ट. एका प्रदर्शनाची पूर्ण यादी तालुक्यातालुक्यांच्या डीलरांना व्हॉट्सॲपवर गेली होती. ती पुढे कुठे कुठे फिरली देव जाणे, पण शेतकऱ्यांना ठिबकवाले, कर्जवाले, सोलरवाले असे फोन येऊ लागले. शिव्या मात्र आम्हाला बसल्या, कारण नंबर आम्ही घेतला होता.

आता वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. मी तो पानं उलटत वाचला. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि बिनशर्त हवी. त्या कामाला लागेल तेवढीच माहिती मागायची. संमती देणं जितकं सोपं, काढून घेणंही तितकंच सोपं हवं. आणि सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी माणसाला हव्या त्या भाषेत वाचता यायला हवी, म्हणजे आमच्यासाठी मराठीत. दंडाची कमाल २५० कोटी. मालकांना एवढं एकच वाक्य वाचून दाखवलं. "कारखाना विकला तरी फिटायचा नाही," म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझं ऐकू लागले.

चिठ्ठीच्या तळाशी आम्ही छापलं: 'हा नंबर या पंपाबद्दल बोलण्यासाठी घेतला आहे. नको असल्यास व्हॉट्सॲपवर "नको" लिहा, काढून टाकू.' त्याखाली वेगळी चौकट, 'नवीन मॉडेल आणि योजनांची माहिती पाठवली तर चालेल'. तिच्यावर आधीपासून टिक नसते. पुष्कळ जण टिक करतात, कारण 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेबद्दल विचारणारे खूप असतात. दहा टक्के भरायचे की पाच, किती एकराला किती एचपी, अर्ज कुठे अडकला. त्यातलं आम्हाला सगळं ठाऊक नसतं, पण विचारणाऱ्याला रस असतो. कृषी शाळांच्या सहली येतात, त्यातली अठरा वर्षांखालची मुलं कोड स्कॅन करायला धावतात. त्यांना पत्रक द्यायचं आणि नंबर घ्यायचा नाही, असं स्टॉलवरच्या आमच्या पोरांना बजावून ठेवलं आहे.

परत आल्यावर तीन ढीग केले. व्हॉट्सॲप, मिसकॉल, कार्बन. कार्बनच्या चिठ्ठ्या सर्वांत कमी. मालकांनी पुस्तक हातात घेऊन पानं चाळली आणि म्हणाले, "एवढ्याच?" मी त्यांना एक चिठ्ठी वाचायला दिली. बोअर, पाणी, पाइप, चढ, मॉडेल. त्यांनी खुर्ची ओढली आणि पुढची तेच वाचायला लागले, मधेच मिस्त्रींना बोलावून "इथे स्टेज कमी का घेतल्या?" वगैरे सुरू झालं. तासभर मला कुणी काही विचारलं नाही.

फोन कधी करायचे यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. सेल्सवाल्यांना दुसऱ्या दिवसापासून सुटायचं होतं. पण डिसेंबर-जानेवारीत उसाची तोड चाललेली असते, माणूस साखर कारखान्याच्या टोळीच्या मागे असतो. विहिरीला पाणीही असतं. मोटर बदलायचा विचार होतो तो फेब्रुवारी सरल्यावर, पाणी खाली जातं तेव्हा. म्हणून लगेच फक्त एक मेसेज पाठवला, चिठ्ठीच्या आपल्या प्रतीचा फोटो. फोन मार्चमध्ये केले. "तुमच्या बोअरला २४० वर पाणी होतं, आता कितीवर आहे?" अशी सुरुवात केली की कोण बोलतंय हे वेगळं सांगावं लागत नाही. काहींनी मोटर घेतलेली होती, दुसऱ्याची. त्यांचे नंबर त्याच दिवशी काढले. व्हॉट्सॲपच्या यादीतल्या ज्यांनी दोनदा विचारूनही उत्तर दिलं नाही, त्यांचे पावसाळा लागल्यावर काढायचे असं ठरलंय.

डीलरांचा प्रश्न मात्र अजून चिघळतोच आहे. त्यांना यादी हवी, आणि त्यांचंही म्हणणं खोटं नाही. जतकडच्या आमच्या डीलरने फोनवर सरळ विचारलं, "ताई, माझ्याच तालुक्यातला शेतकरी, बसवून देणार मी, आणि मलाच नंबर नाही?" एकगठ्ठा यादी द्यायची नाही यावर मालक आता ठाम आहेत. म्हणून चिठ्ठीत आणखी एक ओळ घातली आहे, 'नंबर जवळच्या डीलरला दिला तर चालेल का? हो / नाही'. नव्या पुस्तकांची ऑर्डर छापखान्यात गेली आहे. मिस्त्री म्हणतात, आटपाडीवाले 'हो'वर टिक करतील, पण दुकानदाराचं नाव विचारून मगच.